धाकटीची माती, थोरलीची माती

नर्सरीच्या शेडमध्ये मातीचे दोन ढीग असायचे. दारातून आत आलं की डाव्या हाताला धाकटीचा, उजव्या हाताला थोरलीचा. नवख्या माणसाला दोन्ही सारखेच काळे दिसायचे. तो हमखास चुकीच्या ढिगात फावडं घालायचा आणि दोन्हीकडून एकदमच बोलणी खायचा.

धाकटीचा ढीग पेरणीच्या मातीचा. दोनदा चाळलेली, मऊ, भुसभुशीत माती, आणि तिच्यात खत जवळजवळ नाहीच. "बी आपला डबा घरून घेऊन येतं," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. "वर तुम्ही आणखी वाढायला गेलात की त्याचं पोट बिघडतं." रुजणाऱ्या बीला पाणी हवं, हवा हवी आणि कोवळ्या मुळांना आडवं येणार नाही असं काहीतरी अंगाखाली हवं. बस. तिथे जोरकस खत घातलं तर मुळं जळतात, नाहीतर रोपं लांबच लांब वाढून माना टाकतात. पण दोन-चार खरी पानं फुटली की तो डबा संपतो. मग रोपाला थोरलीच्या ढिगाची गरज लागते. ती माती जाडीभरडी, पोटभरीची. कुजलेल्या पानांचं खत, बागेची माती, वाळू, आणि हळूहळू विरघळणाऱ्या खताचे ते पिवळे दाणे. कोणतं रोप कोणत्या आठवड्यात या मातीतून त्या मातीत जायचं, एवढ्या एका गोष्टीवर त्या दोघी बहिणींनी सव्वीस वर्षं पोट भरलं होतं.

हजेरीपटात दोघींची नावं होती, पण ती फक्त हजेरीपटालाच ठाऊक. बाकी सगळ्यांसाठी त्या थोरली आणि धाकटी. थोरली सहा वर्षांनी मोठी. धाकटी अठ्ठावन्नची झाली तरी धाकटीच राहिली.

दोघी पाठीला पाठ लावून बसायच्या. धाकटीचं तोंड दाराकडे, थोरलीचं खिडकीकडे, मध्ये हातभर अंतर. खिडकीला लागूनच कंपाउंडची डांबर फासलेली भिंत होती. तिथून दिसण्यासारखं काही नव्हतं. धाकटीला दारातून येणारेजाणारे दिसायचे, फाटकापाशी उभा टेम्पो दिसायचा, मुकादम कोणावर ओरडतोय ते दिसायचं. आपल्याला चांगली जागा मिळाली आणि हिला भिंत, याचं तिला अधूनमधून वाईट वाटायचं. पण पहिल्या दिवशी त्या भिंतीकडच्या स्टुलावर थोरलीच जाऊन बसली होती, आणि नंतर बदलायचं नाव काढलं नाही.

रोपं कुंड्यांत घ्यायला झाली की धाकटी न बघताच ट्रे खांद्यावरून मागे धरायची. मागून थोरलीचा हात यायचा आणि ट्रे हलका व्हायचा. एकदाही पडला नाही. आणि थोरली तिकडे तोंड करूनच बोलायची. "सरळ बस, कंबर धरेल." "चहा निवला तुझा." "डुलक्या काढू नकोस, बी सांडेल."

"पाठीला डोळे आहेत बाई हिच्या," धाकटी म्हणायची. ते कौतुक नव्हतं. सव्वीस वर्षं कोणी पाठीमागून सरळ बस म्हणत राहिलं तर माणूस वैतागतोच.

थोरलीच्या अंगणात एक पिटुनिया होता. पांढरा, कडेला जांभळी बारीक रेघ. आधी ती रेघ दहातल्या एखाद्या फुलाला असायची. थोरली दरवर्षी नेमक्या त्याच फुलांचं बी धरायची, पुढच्या वर्षी धाकटीकडून पेरून घ्यायची, पुन्हा निवडायची. सात वर्षांनी बहुतेक फुलांना रेघ आली. त्या वर्षीची झाडं संपली, तिने बी कागदाच्या पुडीत बांधलं आणि दोन आठवड्यांनी तिला दवाखान्यात दाखल केलं.

जायच्या आदल्या दिवशी तिने पुडी धाकटीच्या टेबलावर ठेवली. "पेरून ठेव. मी आले की कुंड्यांत घेईन."

"सगळं पेरू? थोडं राखून ठेवते."

"सगळं पेर. आल्यावर नवीन धरू."

पिटुनियाचं बी म्हणजे तपकिरी धूळ. शिंकलं की गेलं. धाकटीने ते चिमटीत वाळूबरोबर घोळून आपल्या मातीवर भुरभुरलं, वर काही झाकलं नाही, ट्रे खालून पाण्यात ठेवून ओला केला. नवव्या दिवशी हिरवी टाचणीची टोकं दिसली.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली तेव्हा थोरलीने डोळे न उघडताच विचारलं, "उगवलं?"

"उगवलं."

"किती?"

"मोजली नाहीत अजून. उद्या सांगते."

उद्या ऐकायला थोरली राहिली नाही.

इथे मी सांगायला हवं की धाकटी रडली. तसं काही झालं नाही. ती रडली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि पाचव्या दिवशी ती कामावर आली तेव्हाही नाही. नर्सरीतल्या बायका तिच्याभोवती जमल्या. तिने त्यांचं ऐकून घेतलं, मान हलवली आणि चाळण उचलली. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, दगड आहे. तिने ते ऐकलं. तिलाही तसंच वाटत होतं, म्हणून तिला राग आला नाही. एकदा चहाने जीभ पोळली, ते तिला दुसऱ्या दिवशी खाताना कळलं. घरी आल्यावर ती पलंगाच्या कडेला बसायची आणि बराच वेळ चपला काढायच्या राहून जायच्या. दुःख कधीतरी येईल म्हणून ती थांबली होती. ते येत नव्हतं, आणि दुसरंही काही येत नव्हतं.

रोपं मात्र तिने मोजली. त्रेपन्न होती.

थोरलीच्या स्टुलावर कोणी बसायचं नाही, असं कोणी म्हटलं नव्हतं, पण कोणी बसलं नाही. कुंड्या भरायचं काम मुकादमाने तात्पुरतं बाहेर मांडवाखाली लावलं आणि थोरलीचा उरलेला ढीग संपल्यावर तयार मातीच्या पिशव्या मागवल्या. हा मुकादम म्हणजे अखंड बोलणारा माणूस. ऐकायला कोणी नसलं तर झारीशी बोलायचा. तो येता-जाता धाकटीच्या टेबलाखालच्या त्या ट्रेकडे बघायचा.

"बाई, ही रोपं कुंड्यांत कधी जाणार?"

"जातील."

"महिना उलटून गेला. पिवळी पडायला लागलीत."

"दिसतंय मला."

तिला खरंच दिसत होतं. पानं खालून जांभळट झाली होती, वरून फिकी, आणि तीन आठवड्यांपासून एकही नवीन पान आलं नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या हातून असा ट्रे राहिला असता तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं. पण कुंड्यांत घ्यायचं काम थोरलीचं. तिने तसं सांगून ठेवलं होतं, मी आले की घेईन. धाकटीला का ते विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. ती रोज सकाळी ट्रेला खालून पाणी पाजायची आणि टेबलाखाली उजेडाच्या बाजूला सरकवून ठेवायची. रोपं मरत नव्हती आणि जगतही नव्हती. तिचंही तसंच चाललं होतं, पण हे तिच्या लक्षात आलं नाही.

सहाव्या आठवड्यात भाची आली. थोरलीची एकुलती एक. आईच्या घराची आवराआवर करायला आली होती. अंगणात आता फक्त रिकाम्या कुंड्या होत्या. शेडमध्ये येऊन ती आधी आईच्या स्टुलापाशी थांबली, मग वाकून टेबलाखाली बघितलं.

"मावशी, ही आईची ना?"

"हो."

"मरतायत ही."

"माहीत आहे."

भाची खाली बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "अंगणातलं काही राहिलं नाही. बी पण नाही ना?"

"सगळं पेर म्हणाली."

"म्हणजे ही गेली की संपलं."

 जे होतं ते तेवढंच होतं, आणि ते त्या ट्रेमध्ये होतं.

"मला दे यातली थोडी," भाची म्हणाली. "महिन्याने मी घराला कुलूप लावून जाणार. तोवर होतील?"

"कुंड्यांत गेली तर होतील."

"मग घे ना. तूच घे. आईचं मिश्रण अजून असेल कुठेतरी." ती आईच्या टेबलाखाली शिरली आणि तिने एक पोतं ओढून काढलं. तोंड सुतळीने बांधलेलं, ती गाठ थोरलीचीच. "हे बघ, आईच्या हातचं."

आता त्या शेडचा एक नियम सांगायला हवा. कुठलाही नवा ढीग मोहरीशिवाय उघडायचा नाही. ढिगातली माती बशीत घ्यायची, त्यात मोहरी टाकायची आणि आठ दिवस थांबायचं. हिरवीगार आली तर माती चांगली. टोकं करपली तर काहीतरी जास्त झालं आहे. हा नियम थोरलीनेच घातला होता, आणि सव्वीस वर्षांत तो कोणासाठी मोडला नव्हता. मालकाने स्वतः आणलेल्या महागड्या पिशवीलाही मोहरी लावली होती, आणि ती पिशवी नापास झाली होती.

धाकटीने त्या पोत्याला मोहरी लावली नाही. थोरलीच्या हातच्या मातीची परीक्षा घ्यायची हे तिला करवेना. तिने मांडवाखाली उभ्याउभ्याच अकरा कुंड्या भरल्या आणि अकरा रोपं त्यांत घेतली. भाचीला बरं वाटलं. धाकटीला वाटलं असावं, निदान तिने तसा चेहरा केला.

सहाव्या दिवशी अकराच्या अकरा रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. आठव्या दिवशी ती आडवी झाली.

तिने पोतं उलटं केलं आणि मूठभर माती उजेडात धरली. मातीवर मिठासारखा पांढरट थर आला होता. पिवळे दाणे बोटांत धरले तर नुसती टरफलं, आतलं सगळं उतरून गेलेलं. कुंडीची माती दाण्यांसकट ओली करून ठेवली की दाणे थांबत नाहीत, रोप असो नसो ते विरघळतच राहतात. दोन महिने बंद पोत्यात राहून ती माती खारट झाली होती. कालवलेल्या दिवशी ती बिनचूक असणार. चूक थोरलीची नव्हती. कालवलेली माती लगेच वापरायची असते हे धाकटीला शिकवलं कोणी, तर थोरलीनेच. आणि हे धाकटी विसरली होती असंही नाही.

"माझ्याच हाताने," ती मुकादमाला म्हणाली. आवाजात काही नव्हतं. "अकरा."

मुकादमाने आडव्या रोपांकडे बघितलं. मग म्हणाला, "बाहेरची पिशवी वापरा. बाकीची वाचतील."

"ती माती पिटुनियाला चालत नाही. चिकट आहे, पाणी धरते. मुळं सडतील."

"मग थोरलीबाईंचं प्रमाण काय होतं?"

 धाकटीने ते प्रमाण कधी समजून घेतलं नव्हतं. एकदा विचारलं तेव्हा थोरली म्हणाली होती, तुला कशाला, मी आहे ना. आणि बघितलंही नव्हतं. सव्वीस वर्षं तिची त्या ढिगाकडे पाठ होती.

ती आपल्या स्टुलावर जाऊन बसली, दाराकडे तोंड करून. खूप वेळ बसली. मग तिने मुकादमाला हाक मारली.

"फावडं घ्या. माझ्या मागे उभे राहा. आणि बोलू नका."

"करायचं काय?"

"पानांचं खत घ्या आणि टाका जमिनीवर."

मुकादमाने टाकलं. धाकटीने डोळे मिटले.

"नाही. हे ओलं वाजतंय. वरचं घ्या, सुकं."

त्याने वरचं घेतलं. फावडं मऊ घासलं, मग जमिनीवर हलकंच फस् झालं.

"हे. असं पाच वेळा."

पाच झाले. मग जड आवाज हवा होता, धप्प असा, तीनदा. ती बागेची माती. मग एकदाच लांबलचक खर्र. ती वाळू. एका फावड्याची वाळू मुकादमाने दोनदा टाकली, तर तिने त्याला सगळं पुन्हा करायला लावलं. "एकच. पण भरून. ती शेवटी फावडं आपटायची." मुकादमाने आपटलं. "दोनदा." त्याने दोनदा आपटलं.

"बाई, माझं वय काय, तुम्ही मला नाचवताय काय."

"बोलू नका म्हटलं ना. आता डबा."

पिवळ्या दाण्यांचा पत्र्याचा डबा मुकादमाने हलवला. दाणे मापात पडताना वाजायचे ते किती वेळ वाजायचे, हे तिला आठवत होतं. थोरली तेव्हा श्वास रोखायची, मोजताना बोलायची नाही. धाकटीही तेवढा वेळ श्वास रोखून बसली. "पुरे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "चिमूटभर कमी. चिमूटभर ती परत डब्यात टाकायची."

ढीग झाला. तिने मुठीत दाबून बघितला. गोळा झाला, बोटाने टोचला तसा फुटला. तिने बशी घेतली आणि मोहरी टाकली.

ते आठ दिवस तिने ट्रेमधल्या रोपांना खताचं अगदी पातळ पाणी दिलं, तग धरण्यापुरतं. तरी चार गेली. मुकादम रोज सकाळी आधी बशी बघायचा, मग हजेरी घ्यायचा. आठव्या दिवशी बशीत मोहरी दाट उभी होती, पानन् पान हिरवं. तो बशी हातात घेऊन सगळ्या नर्सरीत फिरला, कोणी विचारलं नव्हतं तरी.

दुपारी भाची हाताखाली मदतीला येणार होती ती लवकरच आली. धाकटीने कुंड्या रचल्या, मातीचं घमेलं भरलं, ट्रे उचलला. बाहेर मांडवाखाली वारा होता, आणि अशक्त रोपांना वारा नको. शेडमध्ये हे काम करायला टेबल एकच होतं. ती थोरलीच्या स्टुलावर बसली.

स्टूल ठेंगणं होतं. त्यावर बसल्यावर डोळे खिडकीच्या मधल्या काचेच्या बरोबर समोर आले. काचेमागे डांबराची काळी भिंत. त्यामुळे काचेत बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. दिसत होतं ते मागचं. उघडं दार, दारातला उजेड, आणि त्या उजेडात तिचं स्वतःचं टेबल. चाळण, पाण्याचा तांब्या, कपातला निवलेला चहा. आणि रिकामं स्टूल.

तिने मान डावीकडे केली, मग उजवीकडे. उभ्या माणसाला त्या काचेत काहीच दिसलं नसतं. फक्त इथे बसल्यावर दिसत होतं, आणि बसल्यावर दुसरं काहीच दिसत नव्हतं. सरळ बस. चहा निवला तुझा. डुलक्या काढू नकोस. पाठीला डोळे नव्हते. थोरली भिंतीकडे तोंड करून सव्वीस वर्षं तिच्याकडे बघत बसली होती.

"अगं ताई," धाकटी म्हणाली.

आणि मग ते आलं. आठ-नऊ आठवडे ज्याची वाट बघितली ते एकदमच आलं, आणि तिला वाटलं होतं तसं अजिबात नव्हतं. पोटातून कोणीतरी पिळून काढावं तसं ती रडली. हात मातीचे होते म्हणून तोंडही पुसता येईना. भाची धावत आत आली आणि मावशीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिला काच दिसत नव्हती, तिने काही विचारलं नाही. मुकादम दारापर्यंत आला, आणि आला तसा परत गेला.

नंतर धाकटीने नाक बाहीला पुसलं आणि पहिलं रोप पानाला धरून उचललं. देठाला धरायचं नाही, देठ मोडला की रोप गेलं, पान मोडलं तर दुसरं येतं. बोटाने मातीत खळगा केला, मुळं सोडली, दोन बाजूंनी माती लोटली. दुसरं. तिसरं. भाची कुंड्या पुढे सरकवत होती. मध्ये एकदा धाकटीची नजर काचेत गेली आणि तिने पाठ सरळ केली.

शेवटची कुंडी भरून झाल्यावर ती सगळ्यांवरून एकेक बोट फिरवत गेली, ओठांत पुटपुटत. मग काचेकडे बघून नीट ऐकू जाईल असं म्हणाली,

"अडतीस."